सहाव्या गाण्यातले पाच ठोके

नॉर्वेतून एकाने लिहिलं: "सहावं गाणं ऐकताना गाडी कडेला घ्यावी लागली. खाणीची पाळी सुटते, बाई दाराकडे बघते, आणि मागे कुठेतरी घड्याळ पाच ठोके देतं. पाच! आणि कुणी येत नाही. आजकाल कुठल्या निर्मात्यात एवढी हिंमत आहे?"

*

यंदा ओढ्याकाठी बेडक्या बोलल्याच नाहीत, असं डेंझिल रॅटलिफ एप्रिलभर भेटेल त्याला सांगत होता. त्याच एप्रिलात, त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्याची धाकटी बहीण ऑर्फा बेडक्यांच्या किरकिरीला वैतागून खिडक्या लावून बसायची.

*

घरात माणूस गेलं की घड्याळ थांबवायचं. शेवटच्या श्वासाला जो जवळ असेल त्याने लंबक धरायचा. माती देऊन आल्यावर तो पुन्हा चालू करायचा. आई गेली तेव्हा जवळ ऑर्फा होती. फेब्रुवारी, दोन हजार चार. चार वाजून दहा मिनिटं. माती देऊन सगळे परतले तेव्हा चालू करायला घड्याळच नव्हतं.

*

"आवाज गेलाय डेंझिलचा," मधली बहीण मॉझेल चर्चच्या पायऱ्यांवर बायकांना सांगत होती. "शहात्तराव्या वर्षी माणसाने गप बसावं. ऐकूच नका तुम्ही. उगाच वाईट वाटेल." अल्बम गावात येऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

*

अल्बमच्या पाठीवर छापलेलं: गाणी माझी. गिटार माझी. ध्वनिमुद्रण माझ्या घरी, माझ्या हाताने. मध्ये दुसरं कुणी नाही. फक्त माझे दोन कान.

*

अठ्ठावन्न साली घड्याळाचा हातोडा तुटला, तेव्हा बापाने कुंपणाची तार पकडीने वाकवून बसवली. तार घंटीच्या जरा जास्तच जवळ बसली. तेव्हापासून ठोका देण्याआधी घड्याळ घसा खाकरल्यासारखं घरघरायचं, मग सुईसारखा बारीक टिंग, आणि प्रत्येक टिंगच्या शेपटीला एक छोटं टक. टिंग-टक. जगात दुसरं कुठलंही घड्याळ असं वाजत नाही. चार पिढ्यांतल्या ज्या कुणी त्या घरात एक रात्र काढली असेल, त्याला ते झोपेतही ओळखू येईल.

*

किराणा दुकानाच्या आवारात शायलाने गाडी लावली, पण ऑर्फा उतरेना.

"मॅमॉ, दूध घ्यायचंय ना?"

"मागे घे."

"गाडी?"

"गाणं. गाणं मागे घे."

शायला तिची नात. बावीस वर्षांची, आजीच्या लहरी पाहून झालेल्या. तिने गाणं मागे घेतलं. डेंझिलचा आवाज गाडीत भरला. जाडाभरडा, कडेला फाटलेला, पण आत कुठेतरी अजून ओल असलेला. पाळी सुटली. बाईने दाराकडे बघितलं. गिटार थांबली. घरघर. टिंग-टक.

"परत."

अकरा वेळा. अकराव्या वेळी शायलाने चावी फिरवून गाडीच बंद केली.

"मॅमॉ, रडतेस का तू?"

"मी? मी चोर आहे. चोर रडत नसतात."

हे वाक्य शायलाने लहानपणापासून ऐकलेलं होतं, वेगवेगळ्या चालींत. आईच्या घरातून ते घड्याळ ऑर्फाने पळवलं, असं मॉझेल मातीच्या दिवशीच म्हणाली होती: "त्याला शेवटचा हात तुझा लागला." बस, एवढंच. पोलीस नाहीत, भांडण नाही. पण त्या दिवसापासून ऑर्फा कुणाच्या घरात शिरली की यजमानीणबाईंची नजर आधी फडताळाकडे जायची आणि मग तिच्याकडे. कुणाकडे मयत झालं तर रात्र जागवायला तिला बोलावणं येत नसे. मॉझेल तर तिच्याशी एकोणीस वर्षं एक शब्द बोललेली नव्हती.

बोलला तो एकटा डेंझिल. दर नाताळला यायचा, चुलीपाशी पाय पसरायचा आणि म्हणायचा, "ऑर्फे, मी तुझ्यावर कधीच संशय घेतला नाही हां."

आता गाडीत बसल्याबसल्या तिला कळलं की त्याने संशय का घेतला नाही. कारण त्याला माहीत होतं. चोराला चोर माहीत असतोच की.

"रविवारी डेकोरेशनला, कबरींवर फुलं ठेवायला जाऊ तेव्हा, तो छोटा स्पीकर आण," ती शायलाला म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर ठेव. मी चष्मा काढला की सहावं गाणं लाव. मोठ्यांदा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच तर मी चोर ठरले."

*

ऑस्ट्रेलियातून एक बाई लिहिते: "माझे वडील खाणीत होते. ते पाच ठोके मी माझ्या फोनची घंटा म्हणून ठेवलेत."

*

मेमधला शेवटचा रविवार. डोंगरावरच्या कबरींवरचं गवत शनिवारीच काढून झालं होतं. फुलांचे खोके गाड्यांच्या डिक्क्यांत. ऑर्फा सकाळी नऊलाच डेंझिलच्या दारात हजर. कारण सांगितलं की शायलाच्या गाडीत जागा नाही, तुझ्या ट्रकमधून येते. खरं कारण म्हणजे तिला घराची झाडाझडती घ्यायची होती.

"ये ये!" डेंझिल चुलीपाशी उभा होता, पाठमोरा. तिने दार आपटलं म्हणून नव्हे, जमीन हादरली म्हणून वळला, पण हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिचं लक्ष भिंतींवर होतं. "ताजी मऊ बिस्किटं आहेत, बुडवायला रस्सा आहे. घे."

"आधी न्हाणीघरात जाऊन येते."

ती न्हाणीघर सोडून सगळीकडे गेली. वहिनीचं कपाट उघडलं. फे जाऊन सहा वर्षं झाली, तिचे कोट अजून तसेच. पलंगाखाली बघितलं. मागच्या खोलीत दोन मायक्रोफोन, एक जुनी खुर्ची, भिंतीला खिळे ठोकून लावलेल्या गोधड्या. आणि गोधड्यांच्या वर, नेमकं डोळ्यांच्या उंचीला, भिंतीवर फिकट चौकोन. काहीतरी वर्षानुवर्षं लटकत होतं आणि नुकतंच काढलेलं.

ती तशीच स्वयंपाकघरात आली.

"मागच्या भिंतीवर काय होतं?"

डेंझिलने तिच्या तोंडाकडे बघितलं. "कुठे?"

"मागच्या खोलीत. खिळा आहे तिथे."

"फेचा फोटो. गाताना सारखा डोळ्यांसमोर यायचा, आवाज भरून यायचा. म्हणून काढला." फोटो फ्रिजवर ठेवलेला होता. चौकोन तेवढाच होता. तरी ऑर्फाचं समाधान झालं नाही. चोराकडे उत्तर तयार असतं.

तो परत चुलीकडे वळला. तिने त्याच्या पाठीला सरळच विचारलं.

"डेंझिल, आईचं घड्याळ कुठे आहे?"

तो बिस्किटं काढत राहिला. मान नाही वळली, खांदा नाही हलला. सराईत आहे, तिला वाटलं. पन्नास वर्षं मंचावर काढलेला माणूस. चेहरा कसा ठेवायचा हे याला कुणी शिकवायला नको.

*

गिटारची पेटी त्याने दोघांच्या मध्ये सीटवर उभी केली. ट्रक नवा होता. पेटीला माणूस समजला. रस्त्याला लागल्याबरोबर किणकिणायला लागला: पट्टा बांधा, पट्टा बांधा, टिंग, टिंग, टिंग.

डेंझिल खुशीत होता. "चौतीस देशांतून पत्रं आलीत, ऑर्फे! रेडिओवाला हर्शेल मोजतोय. सप्टेंबरात नॅशव्हिलला बोलावलंय. मोठं थिएटर. आधी गाणं, मग मुलाखत. मी एकट्याने हे कसं केलं ते सांगायचं." टिंग, टिंग. "ती रेकॉर्ड कंपनीची माणसं पहिल्या रांगेत बसणार आहेत म्हणे. तीस वर्षांपूर्वी मला काय म्हणाले होते? रॅटलिफ, तुमचा काळ झाला." टिंग, टिंग, टिंग.

"ते बंद कर ना," ऑर्फा म्हणाली.

"हो ना. मीही तेच म्हणतो."

टिंग, टिंग. कोळशाचा एक ट्रक समोरून धडधडत गेला. डेंझिलने हात वर करून ड्रायव्हरला सलाम केला. किणकिण चालूच. एक मैल. दुसरा मैल. ऑर्फाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, काही नव्हतं. रविवारची सकाळ होती फक्त.

ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डेंझिल, तुझ्या ट्रकला आग लागलीय."

"ऊन पडलंय खरं छान," तो म्हणाला. "पाऊस नाही यायचा आज."

टिंग. टिंग. टिंग.

बेडक्या. एप्रिलभर सांगत होता बेडक्या बोलत नाहीत. चुलीकडे वळलेली पाठ. तोंडाकडे बघून दिलेली उत्तरं. तिने त्याची बाही ओढली, रस्त्याकडेला बोट दाखवलं. त्याने ट्रक थांबवला. तिने पट्टा ओढून गिटारच्या पेटीवरून घेतला आणि खटकन लावला. किणकिण थांबली. डेंझिलला त्यातलं काहीच कळलं नाही. तो नुसता तिच्या हातांकडे बघत होता.

तिने चेहरा त्याच्यासमोर नेला.

"कधीपासून?"

त्याने ट्रक बंद केला.

"जाड आवाज येतात," तो म्हणाला. "ट्रक येतो, गिटारच्या वरच्या जाड तारा येतात. बारीक सगळं गेलं. फे गेली त्या सुमारास सुरू झालं. आता पाखरं नाहीत, बेडक्या नाहीत, बायकांचे आवाज निम्मे."

"आणि गाणं?"

"गाताना माझा आवाज मला हाडांतून येतो. तेवढा पुरतो." त्याने तिचं मनगट धरलं. "ऑर्फे, कुणाला नाही सांगायचं. नॅशव्हिलची माणसं काय म्हणतील माहितीय? बहिऱ्या म्हाताऱ्याकडून चुकून झालं. चुकून! मी एकेक गाणं चाळीस वेळा गायलोय. चुकून नाही झालेलं."

घड्याळाचा शब्द तिच्या ओठावर आला होता. तो तिने गिळला. या माणसाला घड्याळ ऐकूच आलेलं नाही. जे ऐकू येत नाही ते लपवायचंही सुचत नाही. याच्या घरात घड्याळ असतं तर ते भिंतीवरच असतं. मग?

"सहावं गाणं कुठे गायलास तू?" तिने शब्द एकेक करून विचारलं.

तो ओशाळा हसला. "पाठीवर छापलंय ते तेवढं खरं नाही. माझ्या घरावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. ते मला ऐकू येतात, म्हणजे मायक्रोफोनला येणारच. शेवटची तीन गाणी मॉझेलकडे गायली. तिची मागची खोली, कपड्यांच्या फडताळाशेजारी. तिथे अगदी शांत असतं. ती म्हणाली, माझं नाव कुठे छापू नकोस."

"का?"

"तिला कुठे आवडतं असलं काही. तू तिला ओळखतेस ना."

ऑर्फाला वाटत होतं, ओळखते. एकोणीस वर्षं तिची अशीच समजूत होती.

*

आयर्लंडमधला एक म्हातारा लिहितो: "घड्याळ कपाटात ठेवल्यासारखं दबून येतं. दूरवरून. जणू बाईच्या आत वाजतंय. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार."

*

डोंगरावर शायलाने स्पीकर टेबलावर ठेवला होता, तळलेल्या कोंबडीच्या आणि मसाला भरलेल्या अंड्यांच्या मध्ये. ऑर्फा दिसली तशी तिने भुवया उंचावल्या. ऑर्फाने मान हलवली: नाही. शायलाला वाटलं, अजून नाही.

आईच्या कबरीवर फुलं दोन बाजूंनी ठेवली जात. डोक्याच्या बाजूला मॉझेल, पायाच्या बाजूला ऑर्फा. दर वर्षी तसंच. मॉझेल पिवळी प्लास्टिकची गुलाबं मातीत खोचत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, निळा पोशाख. ऑर्फा गुडघ्यांवर बसून तिच्या हातांकडे बघत राहिली. किल्ली देणारा अंगठा ओळखू येतो का? बाप दर रविवारी जेवायच्या आधी किल्ली द्यायचा, तेव्हा तिघं भावंडं रांगेत उभी राहायची. त्यांतल्या एकाला हात लावू द्यायचा. वळण मॉझेलचं आलं की ती इतकी हळू फिरवायची की बाप म्हणायचा, अगं, जेवण निवतंय.

घड्याळ चोरून कपाटात ठेवणारी माणसं ते बंद ठेवतात. हिने ते चालू ठेवलं होतं. कपाटाच्या आत, अंधारात, किल्ली देऊन. ऐकायला. ऑर्फाला पहिल्यांदा राग आला नाही, नुसती शिसारी आली. मग राग आला. एकोणीस वर्षं घरी जाऊन घड्याळ ऐकायचं, आणि बाहेर येऊन मला चोर म्हणायचं.

तिच्या नाकावर चष्मा घामाने घसरत होता. तिने तो एका बोटाने वर ढकलला आणि काढला नाही. एकदा काढला की झालं. गाणं लागेल, सगळे घड्याळ ओळखतील, मी विचारेन, डेंझिल, हे तू कुठे गायलास? आणि तो भोळा सांगून टाकेल. मॉझेलकडे. मग कुणीतरी विचारेलच: पण डेंझिल, तुला ऐकू नाही आलं?

माझं नाव धुवायचं तर त्याचे दोन कान सगळ्यांसमोर काढून ठेवायचे.

मॉझेलने मान वर केली. दोघींची नजर आईच्या कबरीवरून एकमेकींवर पडली. मॉझेलच्या नजरेत भीती शोधायला ऑर्फाने डोळे बारीक केले. काही सापडलं नाही. त्या नजरेत वाट बघणं होतं, असं तिला वाटलं, आणि ते जास्त संशयास्पद होतं.

*

प्रार्थना झाली. ताटं वाढली गेली. घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, आठ थरांचा सफरचंदी केक, तो मॉझेलचा. डेंझिल झाडाखालच्या खुर्चीवर राजासारखा. चुलतभाऊ हर्शेल बाकावर उभा राहिला. शनिवारी गावच्या रेडिओवर गाणी लावतो तो. त्याला गर्दी दिसली की माइक नसला तरी चालतं.

"मंडळी! जगभरातून आपल्या डेंझिलला काय काय लिहून आलंय ते ऐका." त्याने फोन वर धरला. एक वाचलं, दुसरं वाचलं. बायका हुंकारत होत्या. "आणि हे बघा नॉर्वे. नॉर्वे कुठेय रे ड्वेन?"

"थंडीत," मॉझेलचा मुलगा ड्वेन म्हणाला.

"थंडीतला माणूस म्हणतो, ते पाच ठोके! एवढी हिंमत आजकाल कुणात नाही. डेंझिल, लेका, आम्हाला तर सांग. घड्याळाची कल्पना सुचली कशी?"

डेंझिल हसून मान डोलावत होता. हर्शेलच्या फोनमुळे त्याचं तोंड झाकलं गेलं होतं.

"घड्याळ!" हर्शेलने फोन खाली घेतला. "सहाव्या गाण्यातलं!"

"कसलं घड्याळ?" डेंझिल म्हणाला. "माझ्या अल्बमवर घड्याळ नाही."

हशा पिकला. पण डेंझिल हसला नाही, म्हणून हशा मध्येच तुटला.

"नाही कसं? पाच ठोके आहेत की."

"हर्शेल, मी चाळीस वेळा ऐकलंय ते. घड्याळबिड्याळ काही नाही."

"ते कॉम्प्युटरमुळे होतं," मॉझेल केक कापता कापता म्हणाली. वर न बघता. "आपोआप घालतात ते. सोड ना हर्शेल, जेवू दे त्याला."

डेंझिलच्या अल्बमवर तिने आजवर काढलेला हा पहिला बरा शब्द होता. ऑर्फाने हातातला काटा ताटात ठेवला.

"आपोआप? स्पीकर आहेच ना इथे!" हर्शेल म्हणाला. "शायला, लाव गं."

शायलाने ऑर्फाकडे बघितलं. ऑर्फाने दोन्ही हातांनी चष्मा नाकावर दाबून धरला होता. पण टेबलाभोवती पन्नास माणसं "लाव, लाव" म्हणत होती, आणि शायला बावीस वर्षांची होती.

गाणं सुरू झालं. कबरींवरून, फुलांवरून, मुलांच्या डोक्यांवरून. पाळी सुटली. बाईने दाराकडे बघितलं. गिटार थांबली.

घरघर.

टिंग-टक.

टिंग-टक.

तिसऱ्या ठोक्याला म्हाताऱ्या एडाआत्याच्या हातून चमचा पडला. चौथ्याला ती उभी राहिली. पाचवा ठोका विरला तेव्हा डोंगरावर फक्त झाडं हलत होती.

"हे ऑलीचं घड्याळ आहे," एडाआत्या म्हणाली. "तुमच्या आईच्या घरातलं."

सगळी तोंडं आधी ऑर्फाकडे वळली. सवयीने. मग डेंझिलकडे. ऑर्फाने त्याच्याकडे पाहिलं. तो एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जात होता, घाईने, एखाद्याने भलत्याच भाषेतलं पत्र वाचायला दिल्यासारखा. पन्नास माणसांनी काहीतरी ऐकलं होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं, हे त्याला आत्ता, इथे, सगळ्यांसमोर कळत होतं. त्याचा हात कानाकडे निघाला आणि मध्येच थांबून कॉलरवर गेला.

"डेंझिल," ड्वेन म्हणाला, "आत्ता वाजलं ते. तुला—"

"घड्याळ माझं आहे," ऑर्फा म्हणाली.

ती उठून उभी राहिली. डेंझिलकडे तोंड करून. ओठ नीट हलवत.

"ते मी नेलं होतं. आईच्या मातीच्या दिवशी. या गाण्यासाठी मीच डेंझिलला दिलं. ठोके कुठे पडायला हवेत ते त्याने ठरवलं. चाळीस वेळा गायला तो, ते जमेपर्यंत. मी म्हटलं होतं, कुणाला बोलू नकोस, म्हणून बिचारा नाही नाही म्हणतोय. डेंझिल, आता सांग. हरकत नाही."

डेंझिलचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते. त्याला शेवटपर्यंत कळायला क्षणभर जास्त लागला. पण तो पन्नास वर्षं मंचावर काढलेला माणूस होता.

"हो," तो म्हणाला. आवाज फाटला. "ऑर्फाचं घड्याळ. ठोके... ठोके मी ठरवले."

"एकोणीस वर्षं!" कुणीतरी बाई म्हणाली. "एकोणीस वर्षं आपण उगाच नाही म्हणत होतो." दुसरीने गवतावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. हर्शेल बाकावरून हळूच खाली उतरला. शायला आजीकडे अशी बघत होती, जणू ही बाई तिने आयुष्यात कधी पाहिलेलीच नाही.

"मग आता कुठेय ते?" ड्वेन म्हणाला. "घरचं घड्याळ आहे. आण की परत!"

"आहे," ऑर्फा म्हणाली. "सुरक्षित आहे. वेळच्या वेळी किल्ली दिली जाते." आणि मग पहिल्यांदा तिने मॉझेलकडे बघितलं.

मॉझेलच्या हातात सुरी तशीच होती, केकमध्ये अर्धी उतरलेली. ती काही बोलेल असं ऑर्फाला वाटलं. बोलावं असं वाटलं. बोलू नये असंही वाटलं. मॉझेलने सुरी खालपर्यंत नेली. एक तुकडा काढला, आठही थर शाबूत, ताटलीत ठेवला. मग टेबलाला वळसा घालून, सगळ्यांच्या देखत, एकोणीस वर्षांचं अंतर चालत ती ऑर्फापाशी आली आणि ताटली तिच्यासमोर ठेवली.

"बघा, हिचं मन किती मोठं," एडाआत्या पुटपुटली.

मॉझेल वाकली होती. तिचं तोंड ऑर्फाच्या कानाशी होतं.

"सकाळच्या गडबडीत," ती म्हणाली, इतक्या हळू की तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं, "किल्ली द्यायची राहिली."

ऑर्फाने चष्मा काढला. हाताशी कागदी रुमाल होता. त्याने काचा पुसल्या, परत घातला.

"मग गेलीस की दे," ती म्हणाली. "थांबू देऊ नकोस."

पलीकडे डेंझिलने गिटार पेटीतून काढली. जाड तारेवर अंगठा टेकवला, हनुवटी लाकडावर ठेवली, आणि सूर लागलाय का ते हाडांनी पाहिलं.

मार्चमधल्या त्या संध्याकाळी डेंझिल मागच्या खोलीत सहावं गाणं गात होता, तेव्हा मॉझेल भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती, आणि पाचही ठोके ऐकूनही तिने त्याला थांबवलं नव्हतं.